गव्हाणीतल्या बाळासाठी झोळी

आज आगमनकाळाचा तिसरा रविवार. चक्रातली गुलाबी मेणबत्ती आज पेटेल. ख्रिस्तसभेने या रविवाराला आनंदाचा रविवार म्हटले आहे. पण 'आनंद करा' असे सांगून कुणाला आनंद होतो का? सणाच्या दिवशी आनंद झालाच पाहिजे, या अपेक्षेनेच पुष्कळदा आपला सण कोरडा जातो. घर आवरलेले असते, करंज्या डब्यात भरलेल्या असतात, केक तयार असतो, आणि मन मात्र रिकामेच राहते. आनंद येतो तो न बोलावता, आणि आपण वाट पाहत नसतो त्या दाराने. असाच एक अनुभव सांगते आणि त्यातून उभा राहिलेला प्रश्न तुमच्यापुढे ठेवते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नाताळ दोन दिवसांवर आला होता. आमच्यातल्या काही जणी शहराबाहेर, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी खाऊ आणि खेळ घेऊन जाणार होत्या. आयत्या वेळी एक जण आजारी पडली. "तुम्ही शाळेत बाई होता, मुलं तुमचं ऐकतील," असे म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडले. खरे सांगते, मी नाखुशीनेच गेले. घरी सारण तसेच पडले होते.

कोल्हापूरकरांना ऊसतोड नवी नाही. दिवाळी झाली की बीडसारख्या दुष्काळी भागातून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, म्हणून अंधारातच फडात जावे लागते. मागे खोपीवर उरतात मुले. नऊ-दहा वर्षांची मुलगी त्या घराची आई होते. आपल्या मुलांना नाताळची सुट्टी मिळते. या मुलांना हंगामभर सुट्टीच असते, आणि ती त्यांनी मागितलेली नसते.

आम्ही खोक्यात एक लहानसा गोठा नेला होता. मी ख्रिस्तजन्माची गोष्ट सांगू लागले. बाळाच्या आईवडिलांना गाव सोडून लांब जावे लागले, तिथे राहायला जागा मिळाली नाही. वर्गात ही गोष्ट सांगताना मुले हमखास विचारायची, "बाई, जागा का नाही मिळाली?" इथे तो प्रश्न कुणीच विचारला नाही. एका मुलीने मात्र दुसरेच विचारले. तिच्या कडेवर धाकटा भाऊ होता. म्हणाली, "बाई, त्याला गवतावर का ठिवलंय? टोचंल की!"

मला उत्तर सुचले नाही. तिने भावाला खाली ठेवले, डोक्याचा रुमाल सोडला, उसाच्या दोन कांड्या जमिनीत रोवल्या आणि म्हणाली, "बाई, हे टोक धरा." मी धरले. बघता बघता झोळी झाली. येशूबाळ तीत निजला आणि झोका द्यायला पोरांची रांग लागली. त्या आठवड्यात पहिल्यांदाच मी पोटभर हसले. निघताना एका मुलाने ऊस सोलून माझ्या हातावर ठेवला. आम्ही बिस्किटे वाटायला गेलो होतो, आणि परतलो तेव्हा हातात ऊस होता.

रात्री करंज्या लाटताना मन हलके झाले होते. मग मनात आले, हा आनंद मला शोभतो का? ती मुलगी त्या वेळी शाळेत असायला हवी होती. झोळी बांधण्याचे जे कसब पाहून मी हरखले, ते तिच्या हाती आले ते बालपण लवकर संपल्यामुळे. दुसऱ्याच्या हालांवर मी माझा नाताळ साजरा केला की काय?

याची दोन सोपी उत्तरे आहेत आणि दोन्ही खोटी आहेत. एक म्हणजे, असे वाटत असेल तर जाऊच नये. पण त्याने आपले मन तेवढे स्वच्छ राहते, मुलांना काही मिळत नाही. दुसरे उत्तर, गरिबांची मुले थोडक्यातही सुखी असतात. यासारखी सोयीची समजूत दुसरी नाही. ती मुलगी हसली ती गरीब होती म्हणून नव्हे, मूल होती म्हणून. आणि मला आनंद झाला तो मी काही दिले म्हणून नव्हे. तिने मला हक्काने कामाला लावले, म्हणून झाला.

मग असा आनंद खरा की वरवरचा, हे ओळखायचे कसे? आसिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो इथे खरे गवत, बैल आणि गाढव आणून गव्हाण उभी केली. बाळाचे हाल लोकांना डोळ्यांनी दिसावेत, हा त्याचा हेतू होता. ती नुसती शोभा नव्हती. आणि पूर्वेकडचे ज्ञानी बाळाला भेटून परतले ते दुसऱ्या वाटेने. आपली परतीची वाट बदलते का, हीच आनंदाची कसोटी आहे. ती डिसेंबरात नव्हे, जानेवारीत लागते.

आम्ही जानेवारीत पुन्हा गेलो. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये याच करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा किंवा शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. आपल्या शहरातली 'अवनि' संस्था वीटभट्टी आणि ऊसतोडीवरच्या मुलांसाठी काम करीत आली आहे. आम्ही एवढेच केले की काही मुलांना हात धरून जवळच्या शाळेत नेले. ती मुलगी रोज आली नाही. धाकट्याला अंगणवाडीत ठेवता आले, त्याच दिवशी ती वर्गात बसली. हंगाम संपला आणि टोळी गेली. हे मोठे यश नव्हे, मी तसे म्हणतही नाही.

पण तेव्हापासून आमच्या घरच्या गोठ्यात गव्हाणीवर एक लहान झोळी बांधलेली असते. पाहुणे विचारतात, मी सांगते. यंदाही गाळप सुरू आहे आणि खोप्या उभ्या राहिल्या आहेत. खाऊ जरूर न्या. पण कुणी "हे टोक धरा" म्हणाले, तर ते नाताळ संपला म्हणून सोडू नका.