तेलाचा डबा आणि आपलं देणं

आजचं वाचन : गीता, अध्याय 3, श्लोक 12

मिळालेलं परत न देता नुसतं भोगतो तो चोर, असं भगवंत इथे सांगतात. शब्द कडक आहे. फ्लॅटमध्ये राहणारा म्हणेल, "माझ्याकडे वीतभर जमीन नाही, मातीला काय परत देऊ?"

उत्तर आपल्या कोल्हापुरातच आहे. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर यांनी 'प्रयोग परिवारा'तून दाखवलं, की स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि पालापाचोळा कुजवून गच्चीवरही भाजी पिकते. तेलाचा रिकामा डबा, जुनी बादली, काहीही चालतं. तळाला भोकं मात्र हवीत. पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. आपलंही तसंच आहे. सगळं धरून ठेवलं की सडतं.

"डबाभर मेथीनं शहराचा कचरा संपणार आहे का?" नाही संपणार. पण देणं फेडताना सावकाराची तिजोरी भरते का, हे बघायचं नसतं. आपण किती घेतलंय, तेवढंच बघायचं. भाजीची सालं आपण घेतलेल्यातलीच. ती कचऱ्याच्या गाडीत टाकायची की मातीला द्यायची, एवढं तर आपल्या हातात आहे ना?

आज एका डब्याला भोकं पाडूया.

राम कृष्ण हरी.