दत्तक मूल आणि उपकाराचा प्रश्न




अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना ऑफिसात, शेजारी किंवा मुलांच्या शाळेत असे एखादे कुटुंब भेटले असेल, ज्यात आईवडील गोरे आणि मुलगी चिनी. चीनने १९९२ पासून परदेशी कुटुंबांना मुले दत्तक द्यायला सुरुवात केली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये नात्यातल्या मुलांचा अपवाद ठेवून ते बंद केल्याचे जाहीर केले. या काळात दीड लाखाहून अधिक मुले परदेशी गेली. त्यातली निम्मी अमेरिकेत आली आणि त्यात मुलींची संख्या फार मोठी होती. आज त्या मोठ्या झाल्या आहेत. त्यांनी लहानपणापासून एक वाक्य ऐकलेले असते: "तू किती नशीबवान!" हे वाक्य धम्माच्या कसोटीवर टिकते का, याचा विचार आपण करू. आपल्यातही दत्तकाचा विचार करणारी जोडपी आहेत, म्हणून हा प्रश्न आपलाही आहे.

त्यासाठी त्या मुलींचा पहिला प्रवास समजून घेतला पाहिजे. बाळ हाती आले आणि लगेच घरच्या विमानात बसले, असे तेथे नसे. आईवडिलांना आधी बाळाच्या प्रांताच्या राजधानीत जावे लागे. हुनानमधले बाळ असेल तर चांगशाला, जियांगशीमधले असेल तर नानचांगला. अनाथालयात सांभाळ करणाऱ्या बायका बाळांना घेऊन तेथे येत. हॉटेलात किंवा सरकारी कार्यालयात नाव पुकारले जाई आणि काही मिनिटांत बाळ एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाई. मग नोंदणी, नोटरीचे दाखले आणि अनाथालयाला ठरलेली देणगी. सुरुवातीच्या बऱ्याच वर्षांत ती सुमारे ३,००० डॉलर होती आणि कोऱ्या नोटांत द्यावी लागे. त्यानंतर बाळाच्या चिनी पासपोर्टसाठी काही दिवस थांबायचे. पुढचा मुक्काम ग्वांगझू, कारण दत्तक मुलांचा अमेरिकन व्हिसा तेथल्या वकिलातीतूनच मिळे. वैद्यकीय तपासणी, वकिलातीतली शपथ आणि शेवटी एक सीलबंद लिफाफा, जो वाटेत न उघडता अमेरिकेच्या विमानतळावर अधिकाऱ्याच्या हाती द्यायचा. या सगळ्यात साधारण दोन आठवडे जात.

आईवडिलांसाठी हे आनंदाचे दिवस. अनेक वर्षांची वाट संपलेली असे. पण तेच दिवस बाळाच्या बाजूने पाहा. वास बदलला, आवाज बदलला, भाषा बदलली. दुधाच्या बाटलीची चवसुद्धा बदलली, कारण अनाथालयात दूध पुष्कळदा तांदळाचे पीठ घालून दाट आणि चांगले गरम दिले जाई. जिच्या कुशीत ते झोपत होते ती बाई दरवाजातून निघून गेली. काही बाळे रात्र रात्र रडत, काही अजिबात रडत नसत. न रडणारे बाळ समाधानी आहे असे नव्या आईवडिलांना वाटे, पण ते पुष्कळदा भीतीने गप्प झालेले असे. रस्त्यात म्हाताऱ्या बायका त्यांना अडवून बाळाला कपडे कमी घातले म्हणून रागावत. आपल्या आज्यांची आठवण यावी, अगदी तसेच. आणि त्याच बायका अंगठा वर करून म्हणत, नशीबवान बाळ!

नशीब म्हटले की कारण शोधण्याची गरज उरत नाही. तथागतांनी शिकवलेला प्रतीत्यसमुत्पाद नेमके उलट सांगतो: जे घडते ते कारणांमुळे घडते, म्हणून कारणे पाहा. ही बाळे टाकली का गेली? १९८० च्या सुमारास चीनमध्ये एक मूल धोरण आले आणि ते २०१५ च्या अखेरीपर्यंत टिकले. जास्तीच्या मुलासाठी जबर दंड होता. अनेक प्रांतांत, खेड्यातल्या जोडप्याला पहिली मुलगी असेल तर दुसऱ्या मुलाची परवानगी असे. म्हातारपणी आधार मुलाचा, ही जुनी समजूत पक्की होती. दुसरीही मुलगीच झाली की त्या घरापुढे दंड, लपवाछपवी किंवा बाळ सोडून देणे एवढेच मार्ग उरत. मूल टाकणे गुन्हा होता, म्हणून आई उघडपणे पुढे येऊ शकत नसे. बाजारात, पुलाजवळ, अनाथालयाच्या दाराशी, कोणाच्या तरी लगेच नजरेस पडेल अशा जागी बाळ ठेवले जाई. चिनी कुटुंबेही मुलगी दत्तक घ्यायला तयार असत, पण १९९१ च्या दत्तक कायद्याने दत्तक घेणारे साधारणपणे निपुत्रिक आणि पस्तिशीच्या पुढचे असण्याची अट घातली होती. पुढे हुनानमध्ये अनाथालयांना बाळे विकली जात असल्याचे प्रकरण २००५ साली उघडकीस आले आणि न्यायालयाने शिक्षाही दिल्या. म्हणजे यात कायदा होता, गरिबी होती, मुलगा हवा हा हट्ट होता आणि पैसाही होता. नशीब मात्र कोठेच नव्हते.

मागच्या जन्माच्या पापामुळे बाळ टाकले गेले आणि पुण्यामुळे अमेरिकेत आले, असे आपल्यातले कोणी म्हणत असेल, तर त्याने बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' पुन्हा उघडावा. पूर्वजन्मीच्या कर्मावर आजच्या माणसाची स्थिती टाकणारा सिद्धांत बाबासाहेबांनी तेथे नाकारला आहे. ज्या सिद्धांताने आपल्या पूर्वजांना गावकुसाबाहेर ठेवले, तो एका चिनी बाळाला लावण्याचा आपल्याला काय अधिकार?

आता दुसरी बाजू. कोणी विचारेल, या आईवडिलांनी मूल घेतले नसते तर ते अनाथालयात वाढले असते. मग त्यांनी केले ते चांगलेच नाही का? चांगलेच आहे, यात शंका नाही. प्रश्न त्या कृत्याला उपकार म्हणायचे का, हा आहे. उपकाराचा अनुभव आपल्याला नवा नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले, ते कोणाच्या कृपेचे पाणी मागायला नव्हे. पाणी हा माणूस म्हणून असलेला हक्क आहे, हे सिद्ध करायला गेले. ओंजळीत वरून ओतलेले पाणीही तहान भागवते, पण पिणाऱ्याची मान खाली घालते. बाळाला घर मिळणे हे चवदार तळ्याच्या पाण्यासारखे आहे. तो त्याचा हक्क आहे. ज्याला हक्क मिळाला त्याने आयुष्यभर आभार मानत राहावे, ही अपेक्षा धम्माला धरून नाही.

मग दत्तक घ्यायचे कशासाठी? जुन्या हिंदू शास्त्रात उत्तर सरळ होते. वंश चालावा, पिंड द्यायला कोणी असावे, म्हणून मुलगाच घ्यायचा आणि तोही आपल्याच वर्णातला. बाबासाहेबांनी ज्या हिंदू कोड बिलासाठी झुंज दिली, त्यातूनच पुढे १९५६ चा दत्तक कायदा आला. तो बौद्धांनाही लागू आहे आणि त्याने मुलगी दत्तक घेण्याची वाट मोकळी केली. आपण तर बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान सोडले आहे. तेव्हा आपल्यासाठी मूल हे परलोकाचे साधन नाही आणि पुण्याची ठेवही नाही. दत्तक घ्यायचे असेल तर ते मुलासाठीच.

विनयपिटकात जीवकाची कथा आहे. राजगृहातल्या एका गणिकेचे हे बाळ उकिरड्यावर टाकले होते. राजपुत्र अभयाने कावळ्यांचा घोळका पाहून चौकशी केली, तेव्हा लोक म्हणाले, बाळ आहे आणि ते जिवंत आहे. म्हणून त्याचे नाव जीवक. मोठा झाल्यावर त्याने अभयाला विचारले, माझी आई कोण, माझा बाप कोण? अभय म्हणाला, तुझी आई मला माहीत नाही. पण मी तुला वाढवले, म्हणून मी तुझा बाप. या उत्तरात दोन गोष्टी आहेत. जे ठाऊक नाही ते त्याने गोड गोष्ट रचून झाकले नाही, आणि आपले नाते त्याने ठामपणे सांगितले. उकिरड्याची आठवण करून देऊन त्याने आभार मागितले नाहीत. पुढे जीवक तक्षशिलेला वैद्यक शिकला आणि तथागतांचा वैद्य झाला.

अभयासारखे उत्तर देता यावे, याची तयारी त्या दोन आठवड्यांतच होत असे. मूल आपल्या जन्मभूमीत होते आणि आईवडीलही तेथेच होते, असे हे दिवस. काही जोडप्यांनी ते खरेदीत आणि फोटोत घालवले. काहींनी मात्र बाळ सापडले ती जागा पाहिली आणि खऱ्या आईवडिलांच्या शोधासाठी वर्तमानपत्रात छापलेल्या जाहिरातीची प्रत मिळवली. सांभाळणाऱ्या बाईला बाळाच्या सवयी विचारल्या, अनाथालयात ठेवलेले नाव जपले, बाळाला ओळखीची पेज भरवली. आणि रात्री बाळ रडले तेव्हा ते दुःख खरे आहे हे मान्य करून त्याला जवळ घेतले. दुःख आहे हे मान्य करणे हे पहिले आर्यसत्य; ते दोन महिन्यांच्या बाळालाही लागू आहे. करणीय मेत्त सुत्तात एकुलत्या लेकराला जिवापाड जपणाऱ्या आईचा दाखला आहे. तेथे जपण्यावर भर आहे, मालकीवर नाही.

मूळ जपले तर मूल आपले होणार नाही, अशी भीती काहींना वाटते. ग्वांगझूच्या लिउरोंग विहारात अनेक कुटुंबे बाळांना भिक्खूंचा आशीर्वाद घ्यायला नेत. आशीर्वादाने नशीब बदलते असे आपण मानत नाही. पण त्याच विहारात हुईनेंगची मूर्ती आहे. तो दक्षिणेचा, लहानपणी बाप गेलेला, लाकडे विकणारा मुलगा. गुरूने त्याला दक्षिणेकडचा रानटी म्हटले, तेव्हा तो म्हणाला, माणसे उत्तरेची-दक्षिणेची असतील, बुद्धत्वात असा भेद नाही. त्याने आपली दक्षिण लपवली नाही, आणि तरीही तो ध्यान परंपरेचा सहावा आचार्य झाला.

तेव्हा उपासक-उपासिकांनो, आपल्या परिचयात अशी मुलगी असेल तर तिला नशीबवान म्हणू नका. तिचे नाव विचारा, तिची आवड विचारा. आपल्यापैकी कोणी भारतातून किंवा येथून मूल दत्तक घेणार असेल, तर त्याचे कागद, त्याचे गाव, त्याची भाषा त्याच्यासाठी जपून ठेवा. आणि एक दिवस ते आईबापांबद्दल विचारील, तेव्हा अभयाइतके खरे उत्तर देण्याची तयारी आजपासून करा.

नमो बुद्धाय! जय भीम!