बळाचे माप

भोकरदन तालुक्यात आमची थोडी काळी जमीन आहे. शाळेच्या नोकरीतून मोकळा झाल्यापासून मी तेथेच राहतो, आणि पावसाळ्याचे दोन महिने तणाशी झगडण्यात घालवतो. मृगाचा पाऊस झाला, सरकी उगवली, की तिच्या मागोमाग हराळी, लव्हाळा, केना, गाजरगवत ही बिनबोलावलेली मंडळीही वर येतात. दारात बैलजोडी होती तोवर कोळप्याची चिंता नव्हती. बैल विकले, आणि त्या जागी एक सायकल-कोळपे आले.

हे अवजार ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या सायकलचे पुढचे चाक आणि हँडल घ्यायचे, चाकामागे लोखंडी पास जोडायची आणि उभ्याने ढकलत ओळीतून चालायचे. जळगाव जिल्ह्यातील शेंदुर्णीच्या गोपाळ मल्हारी भिसे या शेतकऱ्याने जुन्या सायकलपासून असे अवजार घडवले व त्याला 'कृषिराजा' हे नाव दिले. याचा एक दूरचा, श्रीमंत घरचा भाऊ विलायतेत आहे. स्ट्राउड येथील एडविन बडिंग याने १८३० साली हिरवळ कापण्याचे ढकलयंत्र काढले. कापडगिरणीत लोकरीचे तंतू छाटणाऱ्या यंत्रावरून त्याला ते सुचले होते. खेड्यातल्या प्रतिष्ठित गृहस्थांना हे यंत्र चालवण्यात करमणूक व व्यायाम मिळेल, असाही त्याचा दावा होता. आमच्याकडे ते करमणुकीसाठी कोणी ढकलत नाही, एवढाच फरक.

पहिल्या वर्षी माझ्या पुतण्याने जालन्याच्या एका वर्कशॉपातून या कोळप्यावर गवत कापण्याच्या यंत्राचे दीड अश्वशक्तीचे इंजिन बसवून आणले. चाक आपणहून फिरू लागले, माणसाने फक्त दिशा द्यायची. काम सुखाने होऊ लागले. आणि काम सुखाने होऊ लागले की माणसाच्या मनात जो विचार येतो तोच पुतण्याच्या मनात आला. "काका, दीडवर एवढं होतं, तर पाचवर किती होईल!" विहिरीवरचे पाच अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन वीज आल्यापासून पडूनच होते. दुसऱ्या वर्षी ते कोळप्यावर चढले.

जोर वाढला, पण सायकलच्या चाकाचे वजन होते तेवढेच राहिले. ते जागच्या जागी फिरून माती उडवू लागले. म्हणून वर लोखंड लादले. लोखंडाने सांगाडा वाकला, म्हणून जाड नळ्या जोडल्या. नळ्या जोडल्यावर यंत्र एवढे जड झाले की ओळीच्या टोकाला ते वळवणे पुतण्यालाच जमे. सुधारणेच्या प्रत्येक पायरीला कारण होते, आणि प्रत्येक कारण मागच्या पायरीने निर्माण केलेले होते. त्यातल्या एकाही पायरीवर आम्ही थांबून विचारले नाही की, हे इंजिन मुळात हवे कोणाला होते?

आमच्याकडे वर्षानुवर्षे खुरपणीला येणाऱ्या एक मावशी आहेत. वय साठीच्या आसपास. दिवसभर उकिडवे बसून पात ओढल्याने त्यांची कंबर गेलेली आहे. पुतण्याच्या गैरहजेरीत एकदा त्यांनी हे यंत्र चालवून पाहायचे ठरवले. मी बांधावर उभा होतो. अर्धी ओळ ठीक गेली. मग पास एका दगडाला अडली, हँडल उसळले, आणि यंत्राने त्यांना चार पावले फरफटत नेले. त्यांनी हात सोडले. हात सुटले तरी यंत्र थांबले नाही. वीसेक झाडे आडवी करीत ते बांधावर आदळले आणि कुशीवर पडून चाक फिरवत राहिले. मी धावत जाऊन ते बंद केले. मावशींना लागले नव्हते. लुगड्यावरची माती झटकत त्या म्हणाल्या, "गुरुजी, बैलाला 'हो' म्हटलं की बैल उभा ऱ्हातो. याला काय म्हणायचं?"

या प्रश्नाचे उत्तर तेव्हा माझ्यापाशी नव्हते. रात्री मी हिशेब मांडत बसलो. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. धडधाकट माणूस दिवसभर काम करताना सुमारे ७५ वॅट, म्हणजे अश्वशक्तीचा दहावा भाग, देऊ शकतो. तेव्हा पाच अश्वशक्ती म्हणजे पन्नास माणसे. एका माणसासाठी घडवलेल्या अवजारामागे आम्ही पन्नास माणसे उभी केली होती, आणि त्या पन्नासांना आवरण्यासाठी एक साठीची बाई.

प्रथम मला वाटले की उत्तर सोपे आहे. हाताने ढकलताना दगड, मूळ, सरकीचे कोवळे रोप, सगळे तळहाताला कळते. अडथळा हा जमिनीने धाडलेला निरोपच असतो. बळ वाढते तसा तो निरोप क्षीण होतो, आणि पाच अश्वशक्तीला तर तो पोचतच नाही. म्हणून हातानेच काम करावे, इंजिन हा मोह आहे, असे लिहून मी वही मिटणार होतो. पण त्याच वेळी मनात आले की, हा निरोप आजवर कोणाच्या पाठीवरून येत होता? मी शाळेत होतो तेव्हा शेत मावशींनी खुरपले. मातीच्या स्पर्शाचे तत्त्वज्ञान मी सांगायचे आणि त्याची किंमत त्यांच्या कंबरेने द्यायची, हा व्यवहार प्रामाणिक नव्हे. कष्ट टाळण्याची इच्छा हा मोह असेल, तर दुसऱ्याच्या कष्टात सौंदर्य पाहणे हा त्याहून मोठा मोह आहे.

तेव्हा प्रश्न बळ असावे की नसावे असा उरत नाही. ते कोणाच्या मापाने असावे, हा प्रश्न उरतो. येथे मला एका जुन्या जाहिरातीची आठवण होते. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले होते. गांधीजींना यंत्राचा शत्रू समजणाऱ्यांनी त्या बक्षिसाच्या अटी वाचाव्यात. सूत आठ तासांत १६,००० यार्ड निघाले पाहिजे, म्हणजे उत्पादन वाढायला हवेच होते. पण यंत्र खेड्यातल्या साध्या घरात हाताने वा पायाने चालावे, आणि सामान्य बाईला ते अति न थकता सलग आठ तास चालवता यावे, अशीही अट होती. यंत्र किती पळते हे तिथे मोजायचे होते, पण गज होता त्या बाईचा देह.

हा गज आम्ही कोळप्याला लावला. यंदा पुन्हा दीड अश्वशक्तीचेच इंजिन बसवले आहे. त्याचा गुण जोरापेक्षा त्याच्या मुठीत आहे. मुठीखालची कळ दाबून धरली तरच चाक फिरते. कळ सुटली की वेग उतरतो, जोड सुटते आणि चाक उभे राहते. विहिरीच्या इंजिनाला अशी जोड नव्हती. ते पाण्यासाठी घडवले होते, आणि पाण्याला कोणी हाताने धरून ठेवत नाही. अमेरिकेत १९८२ पासून, मागे चालत वापरायच्या गवतकापणी यंत्राचे पाते हात सुटताच तीन सेकंदांत थांबले पाहिजे असा नियम आहे. मावशींचा प्रश्न सरकारदरबारीही कोणाला तरी पडला होता, याचे मला समाधान वाटले.

परंतु सगळा हिशेब जुळला असे म्हणवत नाही. पूर्वी आमच्याकडे पाच जणी खुरपणीला येत. यंदा दोघींत काम उरकले. उरलेल्या तिघींना हंगामाच्या घाईत शेजारच्या शेतांत काम मिळाले, म्हणून मला रात्री झोप लागली. पण ते माझे कर्तृत्व नव्हे, तो त्या हंगामाचा योग. मावशी दुप्पट ओळी काढतात, तेव्हा त्यांची मजुरी वाढवली पाहिजे, हे मला पुतण्याने नव्हे, त्यांनीच सांगावे लागले. इंजिनाला 'हो' म्हणण्याची सोय आम्ही केली. वाचलेल्या बळाचा वाटा कोणाला किती, हे सांगणारी कळ कुठल्याच मुठीत नसते. ते आपल्यालाच मनाशी धरून ठेवावे लागते.

पाच अश्वशक्तीचे इंजिन पुन्हा विहिरीवर नेऊन ठेवले आहे. वीज गेली की ते पाणी उपसते. त्या कामाला ते अगदी पुरेसे आहे.