माप एकच असावे

कोरोनाची साथ ओसरून काही वर्षे लोटली. नागपुरातील दुकानांसमोर आखलेली वर्तुळे केव्हाच पुसली गेली. परंतु त्या वर्तुळांनी आपल्यापुढे ठेवलेला एक प्रश्न अजून पुसला गेलेला नाही. जो नियम सर्वांना सारखा लावला जात नाही, तो पाळण्यास मी बांधील आहे काय?

वाचक बंधु-भगिनींनो, हा प्रश्न निराधार नव्हता. मे 2020 मधील केंद्रीय निर्देशांनुसार दुकानात एका वेळी पाचांहून अधिक ग्राहक नसावेत आणि दोघांत सहा फुटांचे अंतर असावे, असे ठरले होते. जागतिक आरोग्य संघटना किमान एक मीटर सांगत होती. जूनमध्ये बाजार उघडले ते एका दिवशी रस्त्याच्या एका बाजूचे, तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूचे. राज्यात दारूची दुकाने मे महिन्यातच उघडू लागली; मशिदी व मंदिरे मात्र 16 नोव्हेंबरपर्यंत बंद राहिली. एका दुकानात गरीब ग्राहकाला दोरीबाहेर उभे केले जाई, तर शेजारी ओळखीचा ग्राहक थेट गल्ल्यापाशी पोहोचे. साहजिकच अनेकजण म्हणू लागले, "तेच पाळत नाहीत, तर आम्हीच का पाळावे?"

याचे उत्तर शोधताना आधी नियमाचा हेतू पाहावा. प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण अशी की, जेथे प्लेग पसरला आहे तेथे जाऊ नये, आणि आपण असू तेथे तो पसरला तर त्याला भिऊन पळ काढू नये. हिजरी सन 18 च्या सुमारास सीरियाच्या वाटेवर साथीची वार्ता कळताच आदरणीय उमर (रजि.) सरग येथून माघारी फिरले. हे अल्लाहच्या निर्णयापासून पळणे नव्हे काय, असे विचारले गेले तेव्हा, आपण अल्लाहच्या एका निर्णयाकडून त्याच्याच दुसऱ्या निर्णयाकडे जात आहोत, असे त्यांनी समजावले. या शिकवणीचा दुसरा भाग विशेष विचार करण्याजोगा आहे. साथीच्या गावात थांबणाऱ्याला त्यात स्वतःचा लाभ कोणता? त्याच्या थांबण्याने रक्षण होते ते दूरच्या, अनोळखी माणसाचे. म्हणजे अंतर राखणे हे दुकानदाराचे किंवा पोलिसाचे देणे नव्हे. ते रांगेत पुढे उभ्या असलेल्या वृद्धाचे देणे आहे, आणि तिसऱ्या कोणी नियम मोडला म्हणून ते फिटत नाही. लोक चांगले वागले तर आम्ही चांगले वागू, ते वाईट वागले तर आम्हीही तसेच वागू, असे म्हणणारे होऊ नका, अशी ताकीद हदीसमध्ये आहे.

मग अन्याय मुकाट्याने सोसावा काय? मुळीच नाही. पूर्वीचे समाज नष्ट झाले ते प्रतिष्ठितांना सोडून दुर्बलांना शिक्षा केल्यामुळे, असे प्रेषितांनी (स.) स्पष्ट बजावले आहे. तेव्हा नियम सर्वांना सारखा लावा, अशी मागणी करणे हे आपले कर्तव्यच आहे. मात्र ती मागणी अधिकाऱ्यापुढे, लेखी आणि संयमाने मांडावी. निषेध म्हणून गर्दीत शिरल्यास त्याची किंमत अधिकारी मोजत नाही, शेजारी मोजतो.

आणि इतरांचे माप तपासताना आपलेही तपासावे. पवित्र कुरआनच्या 'अल्-मुतफ्फिफीन' या अध्यायाच्या आरंभी, घेताना पुरेपूर घेणाऱ्या व देताना कमी देणाऱ्यांचा कठोर निषेध आहे. हे माप केवळ धान्याचे नाही. मागच्या माणसाने माझ्यापासून दूर राहावे, परंतु मी मात्र पुढच्याला खेटून उभा राहीन, ही घेण्या-देण्याची दोन मापेच होत. सामान्य ग्राहकाला नियम सांगून नातलगाला आत घेणारा दुकानदारही याच तराजूत बसतो.

साथ गेली, पण खिडक्या व रांगा आहेतच. रेशन दुकानात, दवाखान्यात, बँकेत आपण कधी रांगेत असतो, कधी गल्ल्यामागे. दोन्हीकडे माप एकच राहिले, तर त्या कठीण दिवसांतून आपण काही शिकलो असे म्हणता येईल. अल्लाह आम्हा सर्वांना न्यायावर स्थिर राहण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.