पगार दिला, आभार राहिले



काही दिवसांपूर्वी आपल्या परिसरातील एका महाविद्यालयाच्या निरोप समारंभाला मी गेलो होतो. निवृत्त होणारे ना प्राध्यापक होते, ना प्राचार्य. तीसहून अधिक वर्षे तिथले कॅन्टीन सांभाळणारे आणि प्रत्येक कार्यक्रमाची चहापाण्यापासून खुर्च्या मांडण्यापर्यंत सगळी व्यवस्था पाहणारे ते एक गृहस्थ. सारे त्यांना ‘मामा’ म्हणतात. सभागृह भरले होते. जुने विद्यार्थी लांबून आले होते. कार्यक्रम सुरू व्हायची वेळ झाली, तरी उत्सवमूर्तीच कुठे दिसेनात. शोधाशोध केली तेव्हा ते मागच्या खोलीत कपबशा मोजताना सापडले. “ऐंशी माणसं धरली होती, शंभराच्या वर आलीत,” असे म्हणून त्यांनी आणखी दूध गरम करायला ठेवले आणि मगच ते हात पुसत व्यासपीठावर आले.

परतताना आपल्याच धर्मग्रामातील एक तरुण माझ्यासोबत होता. स्टेशनजवळच्या स्कायवॉकवर त्याने मला विचारले, “फादर, राग मानू नका, पण मामांना पगार मिळत होता ना? त्यांनी काम केलं, संस्थेनं पैसे दिले. हिशेब मिटला. मग एवढे आभार कशाला?”

तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. “अरे, माणूस चांगला आहे म्हणून,” असे म्हणालो. ते उत्तर त्यालाही पटले नाही आणि मलाही. सेमिनरीत चार बुके तत्त्वज्ञानाची वाचली, पण स्कायवॉकवर ती उपयोगी पडली नाहीत. म्हणून आज या पानावर त्या प्रश्नाचे नीट उत्तर शोधावे म्हणतो.

प्रश्न उर्मटपणाचा नाही. आपण रोज रिक्षावाल्याला भाडे देतो, दूधवाल्याचे महिन्याचे बिल चुकते करतो. त्यांना हार घालत बसत नाही. कामाचा मोबदला दिला की देणे संपते, हा साधा व्यवहार आहे आणि त्यात काही वावगे नाही. मग मामांच्या बाबतीत काही देणे उरले, असे आपल्याला का वाटते?

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सेनेका नावाच्या रोमन विचारवंताने उपकार या विषयावर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने एक विलक्षण प्रश्न घेतला आहे : गुलाम आपल्या मालकावर उपकार करू शकतो का? त्या काळचे पुष्कळ लोक म्हणत, नाही. गुलामाने जे केले ते त्याला करावेच लागते. सेनेकाचे मत निराळे होते. जेवढे सक्तीने करून घेता येते तेवढी चाकरी. त्यापलीकडे माणूस आपल्या मनाने जे देतो तो उपकार, मग देणारा गुलाम का असेना. त्याच ग्रंथात तो वैद्य आणि शिक्षक यांच्याविषयीही बोलतो. त्यांना आपण फी देतो, तरी त्यांचे ऋण राहतेच. कारण फी दिली ती त्यांच्या श्रमाची. त्यांनी मायेने आपल्याला जे दिले त्याची किंमत आपण मोजलेलीच नाही.

हीच फूटपट्टी मामांना लावून पाहू. पगार कशाचा होता? वेळेवर कॅन्टीन उघडणे, चहा-नाश्ता करणे, कार्यक्रमाला सामान लावणे, हिशेब ठेवणे. हे झाले नसते तर संस्था त्यांना जाब विचारू शकली असती. आता जुने विद्यार्थी त्या दिवशी काय सांगत होते ते ऐका. कसारा, मुरबाड, बदलापूरकडून पहाटेची गाडी धरून येणारी मुले उपाशी येतात हे ओळखून परीक्षेच्या दिवसांत मामा तासभर लवकर उघडत. एका मुलीने सांगितले, ती दोन वर्षे फक्त अर्धा कप चहा घेत असे. एके दिवशी काही न विचारता चहासोबत पोह्यांची बशी आली आणि पुढे येतच राहिली. उधारीच्या वहीतली काही पाने मामांनी स्वतः फाडली होती. २६ जुलै २००५ च्या महापुरात लोकल बंद पडल्या, कल्याणचे सखल भाग पाण्याखाली गेले. अडकून पडलेल्या मुलांना त्या रात्री मामांनी खिचडी रांधून घातली. स्वतःच्या घरात पाणी शिरले होते हे त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितले.

यातले काहीही त्यांनी केले नसते तरी कुणी त्यांना बोल लावला नसता. चहा विकत घेता येतो. समोरचे पोर उपाशी आहे हे बघणारी नजर पगारात बसत नाही. तेव्हा त्या तरुणाला माझे पहिले उत्तर असे : हिशेब मिटला तो चहाचा. नजरेचा हिशेब उघडाच आहे आणि तो पैशाने मिटणारा नसल्यामुळेच आपण आभार मानतो.

पण इथेच थांबलो तर मी अर्धेच खरे बोललो असे होईल. त्या तरुणाच्या प्रश्नामागे दुसरीही एक शंका होती. गरिबाला देण्यासारखे काही द्यायचे नसले की आपण त्याचे कौतुक करतो. शाल-श्रीफळ स्वस्त असते. “आमच्या घरच्यासारखीच आहे हो,” असे जिच्याविषयी आपण म्हणतो, त्या मावशींची एका दिवसाची रजा आपल्याला खपत नाही आणि पगारवाढीचा विषय निघाला की ‘घरचे’ नाते अचानक आठवेनासे होते.

संत थॉमस अक्वायनस यांनी कृतज्ञतेला न्यायाच्या कुटुंबातला सद्गुण म्हटले आहे. ती न्यायाच्या शेजारी उभी राहते, न्यायाच्या जागी नाही. आधी जे हक्काचे ते द्यायचे, मग मनाचे. हक्काचे थकवून मनाचे द्यायला निघालो तर ते देणे खोटे ठरते. संत याकोबाच्या पत्रात शेतात राबणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरीच आक्रोश करते, असे म्हटले आहे. हार-तुऱ्यांनी तो आवाज दबत नाही.

या संदर्भात एक शब्द लक्षात घेण्यासारखा आहे. नोकरी संपताना मिळणाऱ्या रकमेला आपण ‘ग्रॅच्युइटी’ म्हणतो. या शब्दाचे मूळ लॅटिन. अर्थ, खुशीने दिलेली भेट. एके काळी ती खरोखरच मालकाच्या मर्जीवर असे. १९७२ साली आपल्या संसदेने कायदा केला आणि ती कामगाराचा हक्क झाली. म्हणजे ज्याला आपण वर्षानुवर्षे मेहेरबानी म्हणत होतो ते वास्तविक देणे होते, हे समाजाला उशिरा कळले. आज आपण मेहेरबानी म्हणून जे देतो, त्यातले कितीतरी उद्या हक्क ठरेल. म्हणून कुणाचे आभार मानण्यापूर्वी स्वतःला विचारावे : या माणसाचे काही थकले तर नाही ना?

आता वाचक म्हणतील, फादर, जेवणखाण सांभाळणाऱ्या माणसाविषयी एवढा विचार? महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासाने तो करायला लावला आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची गरीब मुले एकत्र राहू-जेवू लागली. या कामाची धुरा जितकी भाऊरावांच्या खांद्यावर होती तितकीच त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या चुलीवर होती. धान्य संपले तेव्हा त्यांनी एकेक दागिना मोडला आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्या गेल्या. शिकून मोठी झालेली मुले आधी जेवली होती, हे आपण विसरतो. शाळेच्या इमारतीवर देणगीदाराची पाटी असते; चुलीवर पाटी लावायची पद्धत नाही.

आपल्या संतमालिकेत मात्र अशी एक पाटी आहे. संत अल्फोन्सस रॉड्रिग्ज हे स्पेनमधील कापडाचे व्यापारी. पत्नी आणि मुले वारली, धंदा बुडाला. शिक्षण बेताचे. येशूसंघात ब्रदर म्हणून त्यांना घेतले गेले आणि मायोर्का बेटावरील महाविद्यालयात द्वारपालाचे काम मिळाले. चाळीसहून अधिक वर्षे ते दार उघडत राहिले : पाहुण्यांना, विद्यार्थ्यांना, भिकाऱ्यांना. दारावर थाप पडली की प्रभूच आला आहे, असे मनात धरून ते उठत. त्याच महाविद्यालयात शिकणाऱ्या पीटर क्लेव्हर या तरुणाला त्यांनी अमेरिकेत जाण्याची प्रेरणा दिली आणि तो पुढे गुलामांचा सेवक झाला. १८८८ साली दोघांनाही एकाच दिवशी संतपद बहाल झाले. तिथे त्या काळी शिकवणाऱ्या विद्वानांपैकी किती जणांची नावे आपल्याला ठाऊक आहेत?

प्रभू येशूने या प्रश्नाचे उत्तर लूकच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात देऊन ठेवले आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. तिथे दोन प्रसंग लागोपाठ येतात. पहिल्यात तो सेवकांना सांगतो, सगळे करून झाल्यावरही म्हणा की आम्ही आमचे कर्तव्य तेवढे केले. लगेच पुढे दहा कुष्ठरोगी बरे होतात, आभार मानायला एकच परत येतो आणि प्रभू विचारतो, बाकीचे नऊ कुठे आहेत? दोन्ही एकत्र वाचा. “मी माझे कर्तव्य केले” हे वाक्य सेवा करणाऱ्याच्या तोंडी शोभते. तेच वाक्य सेवा घेणाऱ्याने उचलले आणि “त्याने त्याचे कर्तव्य केले” असे म्हटले की तो नवांपैकी एक झाला. शब्द जवळजवळ तेच, पण बोलणारा बदलला की नम्रतेची कृतघ्नता होते.

आणि आता स्वतःविषयी. मी सेमिनरीत असताना आमच्या स्वयंपाकघरातही एक ‘मामा’ होते. मला रात्री उशिरापर्यंत वाचायची सवय. जेवणाची वेळ चुकली की माझे ताट झाकून ठेवलेले असे. वर एक वाटी आणि त्याखाली, मला आवडते म्हणून, जास्तीचे लोणचे. वर्षानुवर्षे ते ताट मी उघडले. माझ्या गुरुदीक्षेची पत्रिका गावभर गेली, त्यांच्यापर्यंत गेली नाही. पुढे ते वारल्याचे कळले. त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण करायला उभा राहिलो आणि नाव घ्यायची वेळ आली तेव्हा लक्षात आले की मला त्यांचे नाव माहीत नाही. ‘मामा’ एवढेच ठाऊक होते. संत थॉमस म्हणतात, कृतघ्नतेच्या पायऱ्या असतात : परतफेड न करणे, त्याहून वाईट म्हणजे कबुली न देणे, आणि सर्वांत वाईट म्हणजे मुळात ध्यानीच न घेणे. मी कोणत्या पायरीवर होतो ते सांगायला नको.

मामा, मावशी, काका, दादा. आपल्या भाषेने फार सुंदर सोय केली आहे. परक्यालाही नाते देऊन टाकले. पण नाते दिले म्हणून नाव विचारायचे राहून जाते, आणि नाव नसलेल्या माणसाचा पगार, आजारपण, म्हातारपण यांचीही चौकशी राहून जाते.

म्हणून या आठवड्यासाठी एक छोटी विनंती. आपल्या सोसायटीचा वॉचमन, ऑफिसातील चहावाला, शाळेतील मावशी, यांपैकी एकाचे पूर्ण नाव आणि गाव विचारून घ्या. त्यांचे काही थकले असेल तर आधी ते द्या. आणि आपल्या पुढच्या सणाच्या जेवणाविषयी समितीशी मी बोललो आहे : वाढणारी मुले सर्वांत शेवटी, उरलेसुरले, भांड्यांजवळ उभ्याने खातात, ते यंदा होऊ द्यायचे नाही. त्यांची पंगत बसवू आणि वाढायला आपण उभे राहू. वाढप्यांत पहिले नाव माझे लिहिले आहे. उरलेली नावे रविवारच्या मिस्सानंतर ऑफिसात द्यावीत.

आपला,
धर्मगुरू