तोंडावरचं बोट काढल्यावर

‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ही आज्ञा महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या जवळपास प्रत्येकाच्या कानात बसलेली आहे. वर्ग शांत म्हणजे शिकवणं नीट चाललंय, अशी आपली पक्की समजूत आहे. माझा विरोध आहे तो या समजुतीला. मुलं तर्क करायला शिकतात ती एकमेकांना कारणं देत आणि कारणं मागत.

जानेवारी १९९० मधली गोष्ट. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या एका शाळेत डेबोरा बॉल तिसरीच्या वर्गाला गणित शिकवत होत्या. विषय सम-विषम संख्यांचा. शॉन (संशोधनात मुलांची नावं बदलली आहेत) म्हणाला, सहा ही संख्या समही आहे आणि विषमही. ‘चूक, खाली बस’ एवढ्यावर हे सहज मिटलं असतं. बाईंनी त्याला बोलू दिलं. त्याचं म्हणणं असं, की सहात दोनाच्या तीन जोड्या होतात आणि तीन तर विषम आहे! वर्गाला हे पटेना. मेई नावाच्या मुलीने आधी शॉनचं म्हणणं आपल्या शब्दांत नीट मांडलं आणि मगच त्याला अडवलं. मग दहाचं काय? त्यात तर पाच जोड्या. हे आपल्या लक्षात आलं नव्हतं, असं म्हणत शॉनने तिचे आभार मानले आणि दहालाही आपल्या यादीत घेतलं. मेई मागे हटली नाही. असंच करत गेलो तर सगळ्याच संख्या सम आणि विषम ठरतील, मग या चर्चेला तरी काय अर्थ उरेल, असा तिचा सवाल होता.

सहा विषम नाही, हे खरंच. पण शॉनच्या हट्टामुळे २, ६, १०, १४ अशी संख्यांची एक रांग वर्गासमोर आली. तिला ‘शॉन संख्या’ असं नावही मिळालं. आणि व्याख्या कशासाठी लागते, हे तिसरीतल्या मुलीने स्वतः शोधून काढलं. ते तिला फळ्यावरून उतरवून घेता आलं नसतं.

लेव्ह व्हिगॉट्स्की (१८९६–१९३४) या रशियन मानसशास्त्रज्ञाने याचं मूळ सांगितलं आहे. मुलाची विचारशक्ती आधी माणसामाणसांतल्या व्यवहारात दिसते आणि नंतर त्याच्या मनात उतरते. ‘कशावरून?’ हा प्रश्न आधी दुसरा कुणीतरी विचारतो. कालांतराने मूल तो स्वतःलाच विचारू लागतं.

मात्र सतरंजीवर गोल बसवलं की मुलं आपोआप विचार करू लागतात, असं नाही. नील मर्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या वर्गांत मुलांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून तपासलं. काही गटांत नुसतं ‘हो’ला ‘नाही’ चाललेलं असे, काही गटांत सगळे एकमेकांच्या म्हणण्याला नुसत्या माना डोलवत. कारणं तपासत पुढे जाणारं बोलणं क्वचितच सापडे. म्हणून त्यांनी ते शिकवलंच. मुलांनी नियम ठरवले : प्रत्येकाला बोलायला लावायचं, माहिती लपवायची नाही, कारण द्यायचं, विरोध मनाला लावून घ्यायचा नाही, निर्णयाआधी दुसरे पर्याय बघायचे. नऊ-दहा वर्षांच्या या मुलांच्या बोलण्यात ‘कारण’, ‘जर’, ‘मला वाटतं’ हे शब्द वाढले. आकृत्यांची कोडी त्यांचे गट आधीपेक्षा चांगली सोडवू लागले. आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातली सर्वांत मोलाची गोष्ट अशी, की ही मुलं एकेकटी बसवली तेव्हाही त्यांची प्रगती दिसली. गटातलं बोलणं आतला विचार झालं होतं.

आपल्याकडे ज्ञानरचनावादाचा, म्हणजे मूल आपलं ज्ञान स्वतः रचतं या विचाराचा, बोलबाला झाला, बसण्याची रचना बदलली. बोलण्याची रचना बदलायचं काम अजून पुष्कळ बाकी आहे. त्याला साहित्य लागत नाही. मेरी बड रो या संशोधिकेला आढळलं, की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एखादा सेकंदच थांबतात. ते तीन सेकंद थांबले तरी उत्तरं लांबतात आणि त्यांत कारणं येऊ लागतात.

आणखी एक पथ्य. कच्चा विचार घरच्या बोलीतच बाहेर पडतो. ‘पानी वर जातंय, कारन...’ असं सांगणाऱ्या मुलाला मध्येच थांबवून ‘पाणी म्हण’ सांगितलं, की ‘ण’ सुधारतो आणि कारण मात्र जागच्या जागी संपतं. अहिराणी, वऱ्हाडी, कोरकू बोलणाऱ्या मुलाला आधी आपल्या भाषेत तर्क पुरा करू द्यावा. प्रमाण मराठीचा धडा नंतर घेता येतो.

वर्गाचा पट मोठा, अभ्यासक्रम पुरा करायचा, परीक्षा डोक्यावर, या शिक्षकांच्या अडचणी खऱ्या आहेत. तरी तिघातिघांच्या गटाला दहा मिनिटं आणि वाद घालण्याजोगा एक प्रश्न, एवढ्यावर सुरुवात होते. हीच मुलं उद्या ग्रामसभेत आणि सोसायटीच्या बैठकीत बसणार आहेत. समोरच्याचं म्हणणं आधी नीट मांडून मग त्याला विरोध करणं तिसरीतल्या मुलीला जमतं. ते प्रत्येक मुलाला शिकवणं हे शाळेचं पहिलं काम आहे, आणि त्यासाठी वर्गात आवाज झाला तर तो शाळेने अभिमानाने ऐकावा.