मूषक, रोगी आणि दयेचे माप

हिंसेतून लाभलेले औषध रोग्याचे दुःख हरण करीत असेल, तर त्या हिंसेचा दोष फिटतो की उरतो? चिमूरच्या वनभागातील एखाद्या धानकऱ्यास आतड्याचा दाहरोग जडला, रक्तमिश्रित शौचाने देह क्षीण झाला आणि उपचारार्थ नागपूरची वाट धरावी लागली, म्हणजे हा प्रश्न पोथीपुरता राहत नाही.

या रोगाचे पुष्कळसे ज्ञान उंदरांवरील प्रयोगांतून मिळाले आहे. पाण्यातून डेक्स्ट्रान सल्फेट पाजून त्यांच्या आतड्यांना व्रण पाडतात. दाह शमविणारे इंटरल्यूकिन-१० हे द्रव्य ज्यांच्या देहात उत्पन्नच होत नाही, असे उंदीर १९९३ साली निर्माण केले गेले. त्यांची आतडी सुजली. २००९ साली काही बालकांच्या दारुण आंत्रदाहाचे मूळ याच द्रव्याचे कार्य खुंटण्यात सापडले आणि अस्थिमज्जारोपणाचा मार्ग दिसला. तथापि तेच द्रव्य क्रोन्सच्या रोग्यांना औषध म्हणून दिले असता अपेक्षित गुण आला नाही. म्हणजे हिंसा निश्चित, फल मात्र अनिश्चित.

भारतातील १९६० चा प्राणिक्रूरता-प्रतिबंधक कायदा सांगतो की, प्रयोग टाळता येईल तेथे टाळावा आणि लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा घेऊ नये. व्यवहारास हे सोयीचे आहे. परंतु वेदना देहाच्या आकाराने मोजावी काय? सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी पारध्यांपासून ससा राखला, तेव्हा त्याचे शरण येणे तेवढे पाहिले.

कोणी म्हणेल, धानकरीही कणगीपाशी सापळा लावतोच. खरे, पण तो उंदीर धान्य खातो. प्रयोगशाळेतील उंदराने कोणाचे काहीच घेतलेले नसते. रोगी होण्यासाठीच त्याला जन्मास घातलेले असते.

म्हणून रोग्यास औषध नाकारावे काय? तीही निर्दयताच होय. औषध घ्यावे, परंतु उपयोग झाला एवढ्याने कर्म निर्दोष ठरले, असे मानू नये. दोष मान्य करणाराच तो कमी करण्याचा मार्ग शोधतो. रसेल व बर्च यांनी १९५९ साली पर्याय शोधणे, संख्या घटविणे आणि यातना सौम्य करणे ही त्रिसूत्री मांडली. आज रोग्याच्याच आतड्यातील पेशींपासून सूक्ष्म ऊतक वाढवून काही परीक्षा करता येतात. जेथे असा पर्याय उपलब्ध आहे, तेथे उंदराचा जीव घेण्यास गरजेचे निमित्त उरत नाही.